मोड आलेला मिथेन

फेब्रुवारी लागला की वाशीत दोन गोष्टी न चुकता होतात. दुपारचा वारा कोरडा पडतो, आणि ज्या घरात बारावीचं मूल आहे त्या घरातली माणसं कुजबुजत बोलायला लागतात. तिसरी गोष्ट फक्त आमच्या घरी होते. मी वाटाणे भिजत घालते. पांढरे, काळे आणि हिरवे, तीन वेगवेगळ्या वाट्यांत. उसळीला एक जात पुरते, हे मलाही कळतं. पण फेब्रुवारीत हात आपसूक तीन वाट्या काढतो, त्याला माझा इलाज नाही.

परवा माझ्या भाचीची मुलगी ईरा आली होती. आली म्हणजे तिला आणली होती. परीक्षा तोंडावर आहे. "आजी, तू केमिस्ट्री शिकवायचीस ना? मग हे बघ," म्हणत तिने फोन माझ्यापुढे धरला. पडद्यावर मिथेनचा रेणू होता. मधे काळा गोळा, भोवती चार पांढरे. बोट लावलं की गरकन फिरायचा. काचेच्या कपाटातल्या शोभेच्या वस्तूसारखा चकचकीत, कुठे डाग नाही की सुरकुती नाही. मी बराच वेळ बघत राहिले आणि तोंडातून निघून गेलं, "याला मोड नाही आले?"

ईराने आईकडे पाहिलं. आईने माझ्याकडे. वय झालं की अशा नजरांची सवय ठेवावी लागते. मी म्हटलं, "बस जरा. वाट्या घेऊन येते."

आम्ही वाशीत आलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं आणि शहर अजून व्हायचं होतं. रस्ते आधी आले होते, माणसं मागून येणार होती. सेक्टरांना नंबर होते, झाडांना पिंजरे होते. पिंजऱ्यात झाड असेलच असं नव्हतं. माझा नवरा सुधीर तुर्भ्याला एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होता. तो दारात आला की शर्टाच्या वासावरून आज तिथे काय उकळलं ते मला कळायचं. नव्या फ्लॅटांतून सगळीकडे अशीच जोडपी. ना सासू, ना नणंद, ना वर्षानुवर्षांचा शेजार. रसायनशास्त्रात याला चांगला शब्द आहे. अणूजवळची जी इलेक्ट्रॉनांची जोडी कुणाशी बंध जुळवत नाही, तिला एकाकी जोडी म्हणतात. पुस्तक सांगतं, की ही एकाकी जोडी बंधातल्या जोड्यांपेक्षा जास्त जागा अडवते आणि बाकीच्यांना दूर ढकलते. सोलापूरहून सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या, आमची खोली-स्वयंपाकघर बघितलं आणि आठवड्याच्या आत परत गेल्या, तेव्हा मला हा नियम मनापासून पटला.

मी ज्या कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागले ते दुकानांसाठी बांधलेल्या इमारतीत भरायचं. वर्ग म्हणजे एकेक गाळा. आमची प्रयोगशाळा रोज सकाळी शटर वर करून उघडायची. एक-दोनदा माणसं साखर मागत आत आली होती. एकाने तर बाटल्यांकडे बघून "घाऊक देता का?" असंही विचारलं.

आमच्या प्राचार्यांना उद्घाटनाची फार आवड. पाण्याच्या टाकीचं उद्घाटन झालं, सायकल स्टँडचं झालं, आणि एकदा दुरुस्त होऊन आलेल्या घंटेचंही झालं. फीत त्यांच्या टेबलाच्या खणात कायम असायची. कापून कापून तिचे तुकडे आखूड होत चालले होते. मी त्यांच्याकडे रेणूंची लाकडी प्रारूपं मागितली. गोळे आणि दांड्या असलेली पेटी मिळते, ती. त्यांनी चष्मा काढला. "मॅडम, रेणू मुळात डोळ्यांना दिसतच नाही. न दिसणाऱ्या वस्तूवर खर्च दाखवला तर ऑडिटवाले काय म्हणतील?"

मी घरी आले आणि वाटाणे भिजत घातले.

काळा वाटाणा कार्बन. पांढरा हायड्रोजन. हिरवा क्लोरीन. ऑक्सिजन पुस्तकात लाल दाखवतात, म्हणून पांढरा वाटाणा कुंकवात घोळवला. नायट्रोजन निळा, तर धुण्याची नीळ घरात होतीच. काड्यांना झाडूचे हीर. भिजलेल्या वाटाण्यात हीर अलगद शिरतो, आणि वाटाणा वाळला की त्याला असा आवळून धरतो की विचारू नका. इतका घट्ट बंध मी नंतर फार थोड्या ठिकाणी पाहिला.

वर्गात दोन जातीची मुलं होती. सेक्टरांतली, म्हणजे दादर-गिरगाव किंवा देशावरून आलेल्या नोकरदारांची. आणि खाडीकाठच्या जुन्या गावांतली, ज्यांच्या शेतांवर आणि मिठागरांवर हे सेक्टर उभे राहत होते. पहिली "मॅडम" म्हणायची, दुसरी "बाई". पहिल्यांचा म्होरक्या प्रदीप. त्याला कुठल्याच गोष्टीचं टेन्शन नसायचं, अभ्यासाचंही नाही. दुसऱ्यांत वनिता. दोन घट्ट वेण्या, डोक्यावर तेलाचा हात इतका सढळ की तिच्या वहीवर अंगठ्याचा ठसा पारदर्शक उमटायचा.

पहिल्याच तासाला तिने हात वर केला. मी फळ्यावर मिथेन काढला होता, पुस्तकात असतो तसा, बेरजेच्या चिन्हासारखा. "बाई, कार्बनला चार हात, तर ते असे फळ्यावर चिकटल्यावानी कशाला बसतील? मागंपुढं जागा हाय की."

मला तिला मिठी मारावीशी वाटली. सगळं त्यातच आहे. इलेक्ट्रॉनांच्या जोड्यांना एकमेकींचा शेजार सोसत नाही. त्या एकमेकींपासून जितक्या दूर जाता येईल तितक्या दूर जातात, आणि त्यावरून रेणूचा आकार ठरतो. कागदावर चौघांना दूर बसवायचं तर बेरजेचं चिन्ह होतं. पण रेणू कागदावर राहत नाही. मी म्हटलं, "सराटा पाहिलायस?" ती नाही म्हणाली. तिच्याकडे चिखल होता, आमच्याकडे माळ. आमच्या सोलापूरकडे अनवाणी पोराला सराटा शिकवावा लागत नाही. कसाही टाका, त्याचे काटे जमिनीवर टेकतात आणि एक काटा तुमच्या टाचेची वाट बघत वर उभा राहतो. मी काळ्या वाटाण्यात चार हीर खोचले, टोकांना पांढरे वाटाणे लावले आणि टेबलावर टाकला. तीन पायांवर उभा, चौथा वर. "हा मिथेन. कसाही टाक, असाच उभा राहील."

ती तो कितीतरी वेळ टाकून बघत होती.

मग आम्ही पांढरे काढून हिरवे लावले. क्लोरीन हावरट; बंधातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो. पण चारही टोकांना चार क्लोरीन बसले, की चौघे सारख्याच जोराने चार दिशांना ओढतात आणि एकूण ओढ शून्य. बंध प्रत्येक ध्रुवीय, म्हणजे एका टोकाला ओढलेला; रेणू मात्र अध्रुवीय. हा कार्बन टेट्राक्लोराईड. "मॅडम, ही तर आमच्या सोसायटीची मीटिंग," प्रदीप म्हणाला. मी एक हिरवा काढून पांढरा लावला. आता तोल गेला, ओढ एका बाजूला उरली. हा क्लोरोफॉर्म, हा ध्रुवीय. "आणि हा सोसायटीचा सेक्रेटरी," प्रदीप म्हणाला. त्या वर्षी त्याला रसायनशास्त्रातलं एवढंच कायमचं कळलं. पण पक्कं कळलं.

कार्बन डायऑक्साइड आला तेव्हा वनिता जागेवरून उठलीच. मधे काळा, दोन्ही टोकांना कुंकवाचे लाल, तिन्ही एका रेषेत. "बाई, ही तर कावड! माझा बापूस मिठाची कावड न्यायचा. दोन्ही पाट्या सारक्या भरल्या तर तोल जात नाय." बरोबर, मी म्हटलं, दोन्हीकडची ओढ सारखी आणि समोरासमोर, म्हणून हिशेब शून्य. आता पाणी बघ. मधे ऑक्सिजन, दोन बाजूंना दोन हायड्रोजन. कावडच वाटते ना? पण ऑक्सिजनच्या डोक्यावर दोन एकाकी जोड्या बसल्यात. त्या दोन्ही हातांना खाली दाबतात. कावड वाकते. दोन्ही पाट्या एकाच अंगाला येतात, आणि पाण्याला एक जराशी धन बाजू मिळते, एक जराशी ऋण. या दोन बाजूंनी पाणी मिठाला धरतं, ओढतं, फोडतं, आपल्यात घेतं. पाणी सरळ असतं तर मीठ त्यात विरघळलं नसतं, खाडी खारी झाली नसती आणि मिठागरं कुणी बांधली नसती.

वनिताने पाण्याचा रेणू उचलून बोटांत फिरवला. मग म्हणाली, "म्हंजे आमचा घर इतकी वर्सं पान्याच्या वाकडेपनावर चालला?"

मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं ऐकली, त्यांतली काही सत्कारासह. या एका वाक्याएवढं भरीव मला त्यांत फारसं सापडलं नाही.

ईरा एव्हाना फोन बाजूला ठेवून हिरवा वाटाणा बोटांत फिरवत होती. "पण आजी, मोडांचं काय?" सांगते. त्याआधी शटरपाशी उभ्या असलेल्या माणसाचं सांगायला हवं.

वनिताचे वडील एका दुपारी आले. मिठागर गेल्यावर ते एका बांधकामावर मुकादम होते. चपला बाहेर काढून आत आले. प्रयोगशाळेत चपला काढणारे ते एकटेच. "बाई, पोर हुशार हाय, मना म्हायत हाय," ते म्हणाले. "इथं हाय तवर शिकू दे. पन खारीपलीकडं मुंबईला नाय पाठवनार. पुलावर बस बंद परली तर मी तिला कुठं हुडकू?" मी समजावायला गेले, तर ते हसले. "तुमी सांगाल ते खरा हाय. पन नाय पाठवनार."

ते एवढं का बोलत होते, हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. आमच्या महाविद्यालयाला विज्ञान शाखेची परवानगी फक्त अकरावीपुरती होती, प्रायोगिक तत्त्वावर. फेब्रुवारीत एक समिती येऊन बघणार, आणि तिला पटलं तर जूनमध्ये बारावी निघणार. नाही पटलं, तर प्रदीपसारखे बसमध्ये बसून पूल ओलांडणार आणि वनिता घरी बसणार. "आन बारावी इथंच निघाली तर?" त्यांनी जाता जाता विचारलं. मी म्हटलं, "तर?" "तर येल की. चालत येल."

समितीची बातमी आली आणि प्राचार्यांच्या अंगात आलं. शटरला रंग लागला. स्वागतगीत बसलं. आणि अचानक माझे वाटाणे महाविद्यालयाचा अभिनव उपक्रम झाले. "मॅडम, सगळे रेणू नवे करा, ताजे," ते म्हणाले. "मी स्वतः त्यांचं अनावरण करणार." आम्ही मिथेन केला, क्लोरोफॉर्म केला, ॲसिटोन, मिथेनॉल, मिथिल अमाइन, पाणी; मोठी फळी भरली. मिथिल अमाइन करताना मी सांगितलं, की याला सडक्या मासळीसारखा वास येतो. वनिता म्हणाली, "मग त्याला बाटलीत कशाला ठेवायचा, आमच्या अंगनात वाळत घातलाय की." त्यातला निळीचा नायट्रोजन तिने स्वतः खोचला. त्याच्या तीन हातांना तीन शेजारी आणि चौथ्या जागी एकाकी जोडी. ती दाखवता येत नाही, म्हणून जागा रिकामी.

समिती सोमवारी यायची होती. सोमवारी निरोप आला, बुधवारी येईल. "तोवर वाळले तर सुरकुत्या पडतील," प्राचार्य म्हणाले. "समितीपुढे सुरकुतलेले रेणू नकोत." वनिताने एक सुती पंचा भिजवून घट्ट पिळला आणि रेणूंवर पांघरला. दुसऱ्या मुलीने वर परात पालथी घातली. मी म्हटलं, "वाऱ्याला नको, कपाटात ठेवा, उबेला." उबेला! हा शब्द मी उच्चारला, सात-आठ जणींनी ऐकला, आणि एकीच्याही डोक्यात काही वाजलं नाही. जी गोष्ट आमचे हात घरोघर दर आठवड्याला करत होते, तीच त्यांनी शास्त्राच्या नावाखाली मन लावून केली. खोलीत कुणालाच स्वयंपाक येत नसता तर हे संकट आलंच नसतं. वर प्राचार्यांनी परातीला फीत बांधली, म्हणजे अनावरणापर्यंत कुणी उघडायचा प्रश्नच नाही.

बुधवारी दुपारी समिती आली. चार माणसं. अध्यक्ष म्हणजे उंच, गोरे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ, आणि अंगात लोकरीचा गडद कोट. वाशीतल्या दुपारी, कोट! घामाने कॉलर भिजली होती. पण समितीचा अध्यक्ष कोट काढत नाही. दुसरे सदस्य भिंतीची ओल बघत होते, तिसऱ्यांनी मुतारीची चौकशी केली, चौथे घड्याळ बघत होते. मला कार्बन टेट्राक्लोराईडच आठवला. चौघे चार दिशांना ओढत होते आणि समिती होती तिथेच होती.

प्राचार्यांनी फीत कापली, परात उचलली आणि पंचा एका झटक्यात दूर केला.

आधी वास आला. कुठल्याही घरात येतो तो, ओलसर, हिरवट. मग दिसलं. प्रत्येक अणूला मोड आला होता. मिथेनच्या कार्बनला पाचवा हात फुटला होता आणि तो हात वर वळून कुणाला तरी बोलावत होता. हायड्रोजनना शेपट्या होत्या. ॲसिटोनचा तर कोळी झाला होता.

"मॅडम," प्रदीप माझ्या कानाशी म्हणाला, "मिथेन गेला कामातून."

अध्यक्ष वाकले. चष्मा सारखा केला. आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा! एकाकी जोड्यासुद्धा दाखवल्यात! हे मी अजून कुठेच पाहिलं नव्हतं."

प्राचार्यांची पापणी लवली नाही. "होय सर. तो आमचा विशेष प्रयत्न आहे."

मी खरं सांगायला पुढे झाले. डोळ्यांपुढे शटरपाशी काढलेल्या चपला आल्या. म्हणू दे, मी मनाशी म्हटलं. मिथेनला एकाकी जोडी नसते हे चार माणसांना कळलं नाही म्हणून जग बुडत नाही. आणि बारावी निघते.

"नाय सर," कुणीतरी म्हणालं. वनिता होती. "ते मोड हायत."

प्राचार्य हसले, रागावताना हसायचे तसे. "मुलगी जरा घाबरली आहे, सर."

"घाबरली हाय," वनिता म्हणाली, "पन मोडच हायत. मिथेनच्या कार्बनचे चारी हात गुंतलेत. त्याच्याकडं एकाकी जोडी उरतच नाय."

अध्यक्षांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "म्हणजे हे सगळं चुकलेलं आहे?"

"काड्या बरोबर हायत. मोड आगाव हायत." आणि ती पुढे झाली. मिथेनचा मोड तिने चिमटीने खुडला. हायड्रोजनच्या शेपट्या खुडल्या. घरी शेंगा निवडतात तशी सवयीने हात चालवत, बोलत, ती फळीभर फिरली. "हा नको... हा नको... ह्याला तर नकोच." निळ्या वाटाण्यापाशी थांबली. "ह्याचा राहू दे. नायट्रोजनला एक एकाकी जोडी अस्ते, आन ती हितंच अस्ते. हा एकटा बरोबर उगवलाय." मग पाण्याच्या लाल ऑक्सिजनकडे बघून म्हणाली, "ह्याला दोन पायजेत. पन वाटान्याला मोड एकच येतो. ती वाटान्याची चूक, आमची नाय."

घड्याळवाले सदस्य पहिल्यांदाच हसले. अध्यक्ष हसले नाहीत. "तू पाण्याचा रेणू पाहिलायस?"

"नाय."

"मी पण नाही. मग पाणी वाकडंच आहे, सरळ नाही, हे कशावरून?"

त्या वर्षात कुणी विचारलेला सगळ्यात चांगला प्रश्न तो होता, आणि तो कोटातून आला याचं मला जरा वाईटच वाटलं.

वनिताने काचेच्या ब्युरेटमध्ये पाणी भरलं, तोटी सोडून बारीक धार केली आणि खिशातला कंगवा केसांवर घासून धारेजवळ नेला. विद्युतभार असलेल्या कंगव्याकडे पाण्याची धार ओढली जाते. आम्ही वर्गात केलं होतं. धार सरळच पडत राहिली. पुन्हा घासला, पुन्हा सरळ. तेल! वर्गात आम्ही माझे धुतलेले केस वापरले होते. आज स्वागतासाठी मी तेल चोपडून अंबाडा घातलेला. तिच्या एका मैत्रिणीने आपल्या केसांवर घासून बघितला; तिलाही आईने सकाळी तेल थापलेलं. प्रदीप पुढे आला, तर त्याच्या भांगात क्रीम. विज्ञान शाखेचं भवितव्य आणि खोबरेल तेल यांचा असा संबंध मी कधी जोडला नव्हता.

वनिताने खोलीभर नजर फिरवली. ती कोटावर येऊन थांबली.

"सर, जरा बाही द्या."

"वनिता!" प्राचार्य.

अध्यक्षांनी आधी आपल्या बाहीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. आणि हात पुढे केला, लहान मूल बांगड्या भरायला करतं तसा. तिने कंगवा लोकरीवर खसाखसा घासला आणि धारेजवळ नेला.

धार वाकली. कमरेत वाकून कुणी कानगोष्ट ऐकावी तशी कंगव्याकडे वाकली.

मग तिने दुसऱ्या ब्युरेटमधून कार्बन टेट्राक्लोराईडची धार सोडली. बाही पुन्हा. कंगवा पुन्हा. ती धार ढिम्म. "ह्यात चार क्लोरीन ओढतात, ओढनारे पान्यापरीस जास्तच. पन समोरासमोर ओढतात, म्हनून कोनीच जिंकत नाय. पानी सरळ अस्तं, कावडीसारका, तर ते पन असंच राह्यलं अस्तं."

"दे बघू," अध्यक्ष म्हणाले. दोनदा स्वतः करून बघितलं. मग त्यांना बाही अपुरी वाटली. त्यांनी कोटच काढला, टेबलावर पसरला आणि त्यावर कंगवा घासायला लागले. भिंतवाले आले, मुतारीवाले आले, घड्याळवाल्यांनी "आता मला द्या" म्हटलं. चार माणसं एका धारेवर वाकली होती. चौघांनी एकाच दिशेला ओढलेलं मी प्रथमच पाहत होते.

प्रामाणिकपणे सांगायचं तर पुढे मी वाचलं, की धार वाकण्याचं कारण आम्ही सांगत होतो तितकं सुटसुटीत नाही. पाण्यात मिसळलेल्या भारांचाही त्यात मोठा हात असतो. असेल. पाण्याच्या वाकडेपणाची सिद्धता इतरही मार्गांनी होते, आणि ती भक्कम आहे. वाकड्या वस्तूबद्दल सरळ उत्तराची अपेक्षा ठेवली, ही आमची चूक.

समिती गेल्यावर पोरांनी कार्बन, हायड्रोजन आणि क्लोरीन वेगळे केले, हीर उपसले, आणि स्पिरिटच्या दिव्याने जमणार नाही म्हणून सुधीरचा स्टोव्ह आणवला. झकास उसळ झाली. कुंकू आणि नीळ लागल्यामुळे ऑक्सिजन आणि नायट्रोजन तेवढे वगळले. प्राचार्य बराच वेळ खोलीत रुसून बसले होते; वाटी पाठवली तेव्हा रिकामी होऊन परत आली.

मग वाट बघणं आलं. मार्च गेला, एप्रिल गेला. मुलं सुट्टीवर गेली. वनिताचे वडील मधेच शटरपाशी थांबायचे. "बाई, कागद आला?" नाही आला. "तिची आय म्हनते, शिवनाचा क्लास लाव. मी म्हन्तो, कागद येऊ दे." मेच्या शेवटी ते यायचे, काही न विचारता माझ्याकडे बघायचे आणि निघून जायचे. मला वाटायचं, गप्प राहायला हवं होतं का त्या पोरीने? आणि वाटायचं, गप्प राहिली असती तर बारावी कुणासाठी काढायची होती?

कागद जूनमध्ये आला. परवानगी होती. सोबत एक अट: अध्यापनात नाशवंत साहित्य वापरू नये. प्राचार्यांनी ती फ्रेम करण्याचा विचार बोलून दाखवला. म्हणजे परवानगी, अट नव्हे. त्यांनी बारावीचं उद्घाटन केलं. फितीचा तुकडा एवढासा उरला होता, की कात्री लावायला दोघांना धरावा लागला.

ईराने विचारलं, "आणि मग ती आली?"

आली. पहिल्या दिवशी, सगळ्यात आधी, शटर अर्धं वर असताना वाकून आत. मी ओळखलंच नाही. केस धुतलेले, मोकळे, भुरभुरीत, तेलाचा थेंब नाही. घरून निघताना आईने काय म्हटलं असेल ते तिच्या तोंडावर दिसत होतं. "बाई, आता कोट लागनार नाय," ती म्हणाली आणि खिशातून कंगवा काढला.

मी ब्युरेट भरून दिला. तिने केसांवर कंगवा घासला, घासला, धारेजवळ नेला. धार सरळ. बाहेर जून, हवेला ओल सुटलेली, भिंतींना घाम आलेला. अशा हवेत कंगव्यावर भार टिकत नाही, ब्रह्मदेवाचे केस असले तरी. हे तिला माझ्याआधी कळलं असावं. एव्हाना बाकं भरली होती. प्रदीप मागून ओरडला, "कोटवाल्या सायबांना फोन लावू का?" सगळा वर्ग हसला, तीही हसली.

मग तिने कंगवा पुसला, परत खिशात ठेवला आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.

"ऱ्हाऊ द्या, बाई. हवा कोरडी झाली की बघू. आता वरीसभर मी हितंच हाय."